फॉर्म फोरचं दार

हे वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसले होते.

पण हे घडलेलं आहे. कोणाच्या मैत्रिणीच्या मैत्रिणीला नाही, माझ्या सख्ख्या मावसबहिणीला.

सुचित्रा तिचं नाव. आम्ही दोघी नाशिकच्या. ती लग्नानंतर कुवेतला गेली ती तिथलीच झाली. नवरा विश्वास शुऐबाच्या एका पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये इंजिनिअर. ती स्वतः एगैलाच्या एका इंग्लिश शाळेत इतिहास शिकवते. शाळेचं नाव मी देणार नाही. तिथे आजही मुलं शिकतायत.

आणखी एक. अशा गोष्टी अमावस्येच्या रात्री घडतात असं आपण धरून चालतो. ही भर दुपारी घडली. गेल्या एप्रिलमध्ये, शाळा भरलेली असताना.

ते ऐकल्यापासून मी घरातलं कुठलंही दार पायाने लोटते. हात लावत नाही.

तर शाळेपासून सुरुवात करते, कारण सगळं तिथूनच येतं.

ही शाळा सुरू झाली कुवेत शहराच्या मिरकाब भागात, एका जुन्या इमारतीत. खाली कापडाचं दुकान आणि वर मोजक्या खोल्या. मिस्टर हॅलम नावाच्या इंग्रज हेडमास्तरांनी ती काढली. तेलाच्या कामासाठी आलेल्या लोकांची मुलं तिथे शिकायची. प्रयोगशाळा नव्हती, म्हणून रसायनशास्त्राचे प्रयोग गच्चीवर व्हायचे, तेही ऊन चढायच्या आत. मग हळूहळू प्रयोगशाळा आली, लायब्ररी आली, बोर्डाच्या परीक्षा आल्या. नव्वद साली इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि शाळा बंद पडली. युद्ध संपलं, हॅलम परत आले, शाळा पुन्हा उघडली. पुढे ती एगैलाला मोठ्या आवारात गेली. थिएटर काय, स्विमिंग पूल काय, सगळा थाट.

आता शाळेला पन्नास वर्षं होत होती. हा सगळा इतिहास एका खोलीत मांडायचं काम सुचित्राकडे आलं.

तिला काम सांगायचाच अवकाश. झपाटून लागली.

या शाळेची एक रीत होती. शिक्षक वर्गात आले की दार लावण्याआधी मोठ्याने म्हणायचे, "हॅन्ड्स!" सगळी मुलं दोन्ही हात वर करायची. दार लागायचं. खटका वाजला की हात खाली, आणि मग तास सुरू. प्रत्येक वर्गात, प्रत्येक तासाला.

सुचित्राची मुलगी जुईली त्याच शाळेत. लहान होती तेव्हा घरीसुद्धा करायची. विश्वास बाथरूमचं दार लावायला गेला की ही बाहेर हात वर करून उभी. आम्ही व्हिडिओ कॉलवर पोट धरून हसायचो.

ही रीत कुठून आली, कोणाला ठाऊक नव्हतं. शाळेच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असायचं, 'शिकायला सज्ज असल्याची खूण.' वाचायला छान वाटतं. कोणी जास्त खोलात गेलं नाही.

मग नवे प्रिन्सिपल आले, मिस्टर प्रेस्कॉट. आणि एका आईने त्या रीतीचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. बंदूक रोखल्यासारखे मुलांना हात वर करायला लावतात, ही काय शाळा आहे, असं खाली लिहून. झालं. प्रेस्कॉटनी दुसऱ्याच दिवशी ती रीत बंद केली. सुचित्रालाही ते पटलं. जुनं खूळ गेलं, बरं झालं, असं ती मलाच म्हणाली होती.

आणि त्याच आठवड्यात ते दार आलं.

मिरकाबची ती जुनी इमारत पाडायला काढली होती. सुचित्राने मालकाला गाठलं आणि वरच्या मजल्यावरच्या एका वर्गाचं दार मागून आणलं. जाड सागवानी दार. त्यावर पितळी पट्टी, 'फॉर्म फोर'. सोबत त्याच वर्गातलं एक उंच लोखंडी कपाट. एगैलाच्या शाळेत थिएटरशेजारची खोली रिकामी करून तिला हे दार बसवायचं, आत कपाट, जुनी बाकं, फळा. शाळेचा पहिला वर्ग जसाच्या तसा उभा करायचा. कल्पना तिचीच.

दाराच्या बिजागरीकडच्या कडेला खोलगट वण होते. छातीच्या उंचीवर, एकाखाली एक. तिथलं लाकूड काळं पडलेलं.

पॉलिशवाला घासायला निघाला, तेव्हा हिने त्याला थांबवलं. "राहू दे. जुनेपणा दिसला पाहिजे."

इतिहासवाल्यांचं हे असं असतं. डाग दिसला की जीव हरखतो. तो कशाचा आहे हे नंतर बघू.

दार बसवायला सुतार आला होता प्रीतम, पंजाबचा. वर्षानुवर्षं याच कामात मुरलेला माणूस. शेवटचा स्क्रू आवळताना दार फिरलं आणि त्याचा अंगठा बिजागरीत गेला. नख मुळापासून उचकटलं.

त्याला शाळेच्या नर्सकडे नेताना तो सुचित्राला म्हणाला, "मॅडम, अंदर कौन था?"

"कोई नहीं."

"कोई तो था. मुदीर को पूछ रहा था."

मुदीर म्हणजे साहेब, मुख्य माणूस. शाळेत प्रिन्सिपलला तिकडे सगळे मुदीरच म्हणतात. सुचित्राला वाटलं, वेदनेने काहीबाही बोलतोय.

मग आलोक भिडेची पाळी आली.

आलोक पुण्याचा, फिजिक्स शिकवायचा. खोली तयार झाली म्हणून स्टाफरूममधले सगळे बघायला गेले होते. दार सताड उघडं होतं, खाली लाकडी पाचर ठोकलेली. सगळे बघून बाहेर पडले. आलोक मागे राहिला, चौकटीला हात टेकून बुटातला खडा काढत.

वारा नव्हता. खिडकी बंद होती.

आधी पाचर सरकल्याचा आवाज आला...

मग आलोकची किंकाळी.

सुचित्रा सर्वांत जवळ होती. ती वळली तेव्हा दार पूर्ण लागलेलं होतं. पूर्ण. खटका बसलेला. आणि आलोकची चार बोटं आत होती.

तिने आणि आणखी दोघांनी मिळून दार ओढलं. हलेना. आलोक दारावर डोकं आपटत होता. रक्त पितळी पट्टीवरून खाली ओघळत होतं. मग दार आपोआप उघडलं, आणि तो खाली कोसळला. बोटांची पार चटणी झाली होती. दोन तिथेच राहिली.

पाचर नंतर सापडली. खोलीच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात, कपाटापाशी.

हॉस्पिटलमध्ये सुचित्रा त्याला भेटायला गेली. औषधाच्या गुंगीत होता. तिला जवळ बोलावून म्हणाला, "एकदम नाही लागलं गं ते दार. आधी नुसतं चिमटीत धरलं. मग मला विचारलं."

"काय विचारलं?"

"वेन अल मुदीर? प्रिन्सिपल कुठेय? मी म्हटलं, मला काय माहीत. मग पुन्हा तेच. आणि मग..."

पुढे तो रडायलाच लागला.

प्रीतमनेही हेच सांगितलं होतं. आणि त्या दोघांची एकमेकांशी ओळखसुद्धा नव्हती.

जुन्या शाळेतलं कोणी उरलंय का, याचा तिने शोध घेतला. एकच नाव निघालं. ताहिरा परकार. मूळच्या रत्नागिरीकडच्या. हॅलमच्या काळात शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. आता थकलेल्या, मिरकाबमध्येच मुलगा आमिर आणि सुनेबरोबर राहायच्या. आमिरचा मसाल्याचा व्यापार होता.

सुचित्रा गेली तेव्हा त्या खिडकीशी बसल्या होत्या. पन्नास वर्षांच्या कार्यक्रमाचं आमंत्रण दिल्यावर खूश झाल्या. चहा झाला. मग सुचित्रा सहज म्हणाली, "तुमचं जुनं दार आणलंय आम्ही. फॉर्म फोरचं."

ताहिराबाईंच्या हातातला कप खाली आला.

"कोणी आणलान?"

"मीच."

"अगो, काय केलंस गो हे!"

त्यांनी आमिरला बाहेर पाठवलं. आणि सांगायला लागल्या.

ताहिराबाईंचे यजमान अब्बास परकार त्याच शाळेत गणित शिकवायचे. फौजा शिरल्या तेव्हा शाळेला सुट्टी होती. सैनिक इंग्रजांना शोधत फिरत होते. हॅलम पळून शाळेत लपले आणि परकार सर त्यांना गुपचूप जेवण पोचवायचे. एके दिवशी सैनिक मागोमाग आले. फॉर्म फोरच्या वर्गात हॅलमना लपायला वेळ मिळाला तो कपाटात शिरण्यापुरता. परकार सरांनी बाहेरून कडी लावली, आणि तेवढ्यात सैनिक आत.

"विचारलानी, मुदीर कुठं? हे म्हणाले, ठाऊक नाय. तसा त्यांचा हात त्या दारात धरलानी. बिजागरीकडं. एक बोट घ्यायचं, दार लावायचं. परत विचारायचं, वेन अल मुदीर? परत एक बोट."

सुचित्राला ते वण आठवले. एकाखाली एक.

"हे तोंडातून अवाक्षर काढीनात. कपाट तिथंच होतं गो. चार पावलांवर. नुसतं बोट दाखवायचं, तर दाखवायला बोट तरी..."

ताहिराबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"हात संपले तशी त्याच दारात डोकं धरलानी."

हॅलमनी कपाटातून सगळं ऐकलं. बाहेर आले नाहीत. भ्यायले. सैनिक गेल्यावर कोणीतरी कडी काढली, ते निसटले, वाचले. युद्धानंतर परत आल्यावर त्यांनीच हे सगळं सांगितलं आणि ते ताहिराबाईंच्या पायांवर पडले. काय हवं ते मागा म्हणाले. सरांचं नाव शाळेला देतो, पुतळा उभारतो.

"मी म्हटलं, मला नको तुझा पुतळा. येवढंच कर. तुझ्या शाळेत दार लागताना एकाही पोराचा हात दारात असता नये. सगळ्यांचे हात मला वर दिसले पाहिजेत."

ती रीत अशी आली होती.

शिकायला सज्ज असल्याची खूण म्हणे!

"तुम्ही शाळा पुन्हा उघडल्यावर तिथे काही झालं होतं का?" सुचित्राने विचारलं.

"सुरुवातीला दोघातिघांचे हात गेले. विचारायचा तोच आवाज. रीत सुरू केली तसा थांबला. हात मिळेनात त्याला." त्यांनी सुचित्राचं मनगट घट्ट धरलं. "तो विचारणारा अजून तिथंच हाय. त्याला उत्तर मिळालेलं नाय. ती रीत मोडू नका गो."

सुचित्राने त्यांना सांगितलंच नाही की रीत कधीच मोडली होती.

दुसऱ्या दिवशी ती प्रेस्कॉटसमोर उभी राहिली. दार काढा, नाहीतर रीत सुरू करा, काहीतरी एक करा. प्रेस्कॉट हसले नाहीत, तेवढं सौजन्य त्यांनी दाखवलं. पण म्हणाले, कार्यक्रमाला पाहुणे येणार, त्या दाराची बातमीसुद्धा दिलीय, आणि अपघात कुठल्याही दाराने होतो. कार्यक्रम झाला की बघू.

"तुम्ही थकलेल्या दिसता," असंही म्हणाले.

सुचित्रा घरी आली आणि जुईलीला बजावलं, "त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. काही झालं तरी."

"बट व्हाय, आई?"

"मी सांगते म्हणून."

कारण सांगितलं नाही. पोरीला कशाला घाबरवायचं, असं वाटलं तिला. आपण सगळ्याच आया असं करतो.

जुईली तबला वाजवते. आवडीपुरतं नाही, मनापासून. अकरावीतली पोर, पण हात असा बसलाय की ऐकत राहावं. कुवेतच्या गणेशोत्सवात मोठमोठे लोक तिच्यासाठी थांबायचे. तिच्या हातांना सुचित्रा जपायची किती! भाजी चिरू द्यायची नाही, गरम तव्याजवळ येऊ द्यायची नाही. आम्ही चिडवायचो तिला. शाळेच्या कार्यक्रमातही जुईलीचं तबलावादन होतं.

मग कार्यक्रमाचा आदला दिवस उजाडला.

सकाळपासून हवा कोंदट होती. जेवणाच्या सुट्टीनंतर धुळीचं वादळ उठलं. आधी आकाश पिवळं झालं, मग नारिंगी, मग खिडकीबाहेरचं मैदानसुद्धा दिसेना. भर दुपारी दिवे लावले. मुलांना वर्गातच थांबवलं. सुचित्रा आठवीच्या वर्गावर होती.

अचानक एसीचा आवाज बंद झाला. दिवे गेले.

शाळा एकदम शांत झाली. इतकी मुलं, पण आवाज नाही...

आणि त्या शांततेत तिला ऐकू आलं.

लांबून. थिएटरच्या बाजूने.

लाकूड घासल्याचा आवाज.

पाचर सरकत होती.

सुचित्रा वर्ग तसाच सोडून धावली.

जुईलीचा तबला थिएटरमध्ये ठेवलेला असायचा. सकाळीच कोणीतरी सजावटीसाठी तो उचलून त्या खोलीत नेला होता. वादळ उठल्यावर जुईलीला कळलं, आणि खोलीची खिडकी उघडी आहे हेही कळलं. मधल्या काळ्या शाईवर धूळ बसली तर तबला गेला. आईने बजावलं होतं खरं, पण कारण कुठे सांगितलं होतं? आत गेली, खिडकी लावली, तबला काखेत घेतला आणि बाहेर निघाली.

सुचित्रा पोचली तेव्हा तबला व्हरांड्यात घरंगळत होता.

जुईली दारात उभी होती. तिचा उजवा हात बिजागरीच्या फटीत होता.

तिने तो घातला नव्हता. तिच्या मनगटावर कातडी आत दबलेली होती. पाच ठिकाणी... कोणीतरी पकडल्यासारखी. पण पकडणारं कोणी नव्हतं.

"आई, इट्स होल्डिंग मी. आई, प्लीज!"

सुचित्राने तिचा हात ओढला. खांद्याचा कट्‌ असा आवाज झाला, जुईली किंचाळली, पण मनगट सुटलं नाही. सुचित्राने दारात स्वतःचा खांदा घातला. पाय रोवले. ते जाड दार तिच्यासकट सरकत राहिलं. घाई न करता. जुईलीच्या बोटांना टेकलं, आणि थांबलं.

मग आवाज आला. जवळून. सुचित्राच्या कानाशी कोणी तोंड आणल्यासारखा. श्वासाला सिगारेटचा वास होता.

"वेन अल मुदीर?"

"मला माहीत नाही! सोड तिला!"

दार सरकलं. करंगळी मोडल्याचा आवाज सुचित्राने ऐकला. सुकी काटकी मोडावी तसा. जुईलीच्या तोंडून आवाजच निघेना, नुसतं तोंड उघडं राहिलं.

"वेन अल मुदीर?"

सुचित्रा दारावर बुक्क्या मारत होती, चावत होती, शिव्या देत होती. आयुष्यात कधी उच्चारल्या नव्हत्या तसल्या शिव्या. दार पुन्हा हललं. जुईलीच्या नखाखालून रक्त आलं आणि सुचित्राच्या बांगडीवर उडालं.

"वेन..."

तिने पुढचं ऐकून घेतलं नाही. डोळ्यांसमोर फक्त ते हात होते.

"कपाटात!" ती ओरडली. "कपाटात आहे तो! लोखंडी कपाटात! जा, घे त्याला!"

मराठीतच ओरडली. समजायचं ते त्याला समजलं.

दार सुटलं.

एकदम हलकं झालं. जुईली आईच्या अंगावर कोसळली. तिच्या मनगटावरून काहीतरी निघून गेलं, आणि दोघींना घासून गार झुळूक आत गेली. खोलीत.

मग कपाट वाजलं.

एकदा... जोरात. आतून.

मग पुन्हा. मग लागोपाठ, धाडधाड, कोणीतरी आत धडपडत असल्यासारखं. मधेच काहीतरी मोडल्याचा आवाज. मग पुन्हा. कपाटाची कडी बाहेरून लावलेली होती आणि ती हलत होती.

सुचित्राने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. पोरीला उचललं आणि धावत सुटली. तिला वाटलं, ते जुनंच काहीतरी आहे. घडून गेलेलं. त्याचे नुसते आवाज.

वादळ ओसरलं, वीज आली. प्रिन्सिपल कुठे दिसेनात म्हणून शोधाशोध सुरू झाली. ऑफिस उघडं होतं, टेबलावर अर्धा कप चहा होता. फोन वाजत होता.

शेवटी शिपायाने त्या लोखंडी कपाटाखालून काहीतरी वाहत आलेलं पाहिलं.

मिस्टर प्रेस्कॉट आत होते. हाताला एकही बोट धड नव्हतं. डोकं... जाऊ दे. डोक्याचं मी लिहीत नाही. सुचित्राने मला सांगितलं, तेव्हा मी फोन बाजूला ठेवून आधी बेसिनपाशी गेले होते.

वीज गेली तरी व्हरांड्यातला कॅमेरा बॅटरीवर चालू होता. पोलिसांनी सुचित्राला ते चित्रण दाखवलं. त्यात ती होती, जुईली होती, दोघी दाराशी झगडताना. आणि प्रेस्कॉट व्हरांड्यातून चालत येताना दिसत होते. एकटे. दोन्ही हात वर केलेले. मागून कोणीतरी ढकलत असल्यासारखे अडखळत. ते दोघींच्या अगदी शेजारून खोलीत गेले. सुचित्राचा खांदा त्यांच्या कोटाला घासला, तेही त्यात दिसलं.

तिला आठवते ती फक्त गार झुळूक.

पोलिसांना कळेना की कोणाला धरावं. कडी लावणारं कोणी कॅमेऱ्यात नव्हतं, आणि त्या दोघी दारातून हललेल्या नव्हत्या. अंधारात गोंधळून माणूस कपाटात शिरला, अडकला, बाहेर पडायच्या धडपडीत गेला, असं काहीसं ठरलं. ठरवावंच लागतं काहीतरी.

जुईलीची करंगळी जुळली. बाकी हात वाचला. त्यासाठी मी देवापुढे साखर ठेवली, खोटं कशाला बोलू?

पण सुचित्राला झोप येईना. ती पुन्हा ताहिराबाईंकडे गेली. सगळं सांगितलं. रडली. "माझी पोर होती हो दारात. मी काय करणार होते?"

ताहिराबाईंनी तिला जवळ घेतलं. डोक्यावरून हात फिरवला. आणि अगदी मायेने म्हणाल्या, "तुझं काय चुकलं नाय. आईच हायस तू. पण माझ्या माणसानं जीव दिला तो सांगितलान नाय म्हणून. इतकी वर्षं त्याला उत्तर मिळत नव्हतं. आता त्याला कळलंय, हात धरला की लोक सांगतात."

त्या वाक्यानंतर सुचित्रा आणखीच बदलली.

शाळेला लगेच नवीन प्रिन्सिपल कुठून मिळणार? कार्यकारी म्हणून तिलाच बसायला सांगितलं. मी म्हटलं, वेडी आहेस का, सोड ती शाळा, ये इकडे. पण जुईलीचं बोर्डाचं वर्ष तोंडावर, विश्वासचं कॉन्ट्रॅक्ट बाकी. आणि तिचं म्हणणं, मी त्या खुर्चीत बसले तर दार काढता येईल, रीत परत आणता येईल, परकार सरांचं नाव भिंतीवर येईल. पोरीला वाचवायचं तर हाच उपाय.

खरंच केलं तिने ते सगळं. दार आणि कपाट भंगारात गेलं. इतिहासाच्या भिंतीवर परकार सरांचा फोटो लागला. आणि पहिल्याच दिवशी सगळ्या वर्गांतून पुन्हा "हॅन्ड्स!" ऐकू आलं.

महिनाभर काही झालं नाही. मीही निर्धास्त झाले.

गेल्या मंगळवारी तिने मला शाळेतूनच फोन केला होता. मधली सुट्टी होती. आवाज बरा वाटला, बऱ्याच दिवसांनी. जुईली पुन्हा रियाजाला बसली म्हणून सांगत होती. आत्ता पाणी प्यायला म्हणून बाहेर गेलीय, येईलच माझ्याकडे, म्हणाली.

बोलता बोलता मागे कुठेतरी दार करकरलं. व्हरांड्यातलं असावं, जिथे "हॅन्ड्स" म्हणणारं कोणी नसतं.

मग मला एक पुरुषी आवाज आला. लांबून, पण स्पष्ट. मला अरबी येत नाही. तरी ते शब्द मला कळले, कारण ते मला आता पाठ झालेत.

"वेन अल मुदीर?"

सुचित्रा बोलायची थांबली.

मग एका मुलीचा आवाज आला. रडवेला, घाईघाईचा. कोणीतरी हात धरल्यावर यावा तसा. तो आवाज मी तिच्या जन्मापासून ओळखते.

"इन हर ऑफिस."

मी ओरडले, "सुचित्रा! सुचित्रा, तिथून निघ!"

ती घाबरली नाही. तिचा आवाज उलट शांत झाला. मला वाटतं, त्या क्षणी तिला एवढंच कळलं असेल की पोरीचा हात सुटला.

"ठेवते गं," ती म्हणाली. "दारात कोणीतरी आलंय."